उपचार सोडलेल्यांच्या यादीतील एक ओळ

पद्माकर दत्तात्रय निमोणकर. जन्म संगमनेर, १२ मार्च १९४९. मृत्यू दिल्ली, २६ ऑगस्ट २०२४. मेंदूतील रक्तस्रावाने, मूळ कारण बारा वर्षांचा उच्च रक्तदाब. शिक्षण पुण्यात, संख्याशास्त्राची एम.एस्सी. १९७३ साली ते केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आले आणि छत्तीस वर्षांनी निवृत्त झाले. त्यांपैकी एकतीस वर्षे त्यांनी एकच काम केले. ठिकठिकाणच्या रुग्णालयांतून येणारी मृत्यूच्या कारणाची प्रमाणपत्रे वाचायची, कारण पटले तर त्याला ठरलेला क्रमांक द्यायचा, न पटले तर कागद परत पाठवायचा.

ते कागद फार परत पाठवत. विशेषतः ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ एवढेच लिहिलेला कागद त्यांच्या टेबलावरून पुढे गेल्याचे कुणाला आठवत नाही. एकदा कुठल्याशा जिल्ह्याच्या गावाहून एका डॉक्टरांनी वैतागून फोन केला होता, “अरे साहब, आदमी मरा है तो दिल तो रुका ही होगा!”

“दिल तो सबका रुकता है, डॉक्टरसाहब,” निमोणकर शांतपणे म्हणाले होते, “क्यों रुका, वह लिखिए.”

हा किस्सा त्यांच्या कचेरीत पुढे बरीच वर्षे सांगितला जाई. निमोणकरांना मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नसे. ज्या देशाला आपली माणसे कशाने मरतात हे नीट ठाऊक नाही, त्याने औषधे कुणासाठी आणि कुठे पाठवायची, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी भानुमती दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत. एकुलती मुलगी वृंदा लग्न होऊन बंगळुरूला गेली होती. भानुमतीबाई दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी घरांतल्या दहाबारा मुलांना मराठी शिकवत. दिल्लीत वाढलेल्या त्या मुलांना ‘उंबरठा’ म्हणजे काय आणि ‘ओटी’ कुठे असते, हे फ्लॅटच्या दारात उभे राहून समजावणे सोपे नव्हते. पण बाईंना त्याचा कंटाळा नव्हता.

२०१८च्या दिवाळीनंतर बाईंना खोकला लागला. दिल्लीत नोव्हेंबरात खोकणाऱ्या माणसाला कुणी डॉक्टरकडे पाठवत नाही. खिडक्या लावायला सांगतात, वाफारा घ्यायला सांगतात आणि हवा सुधारेपर्यंत वाट पाहायला सांगतात. निमोणकरांनीही तेच सांगितले. हवा फेब्रुवारीत सुधारली, खोकला सुधारला नाही. जूनमध्ये, वजन नऊ किलो उतरल्यावर, थुंकीची तपासणी झाली आणि फुप्फुसाचा क्षय निघाला. जोडीला जुना मधुमेह होताच.

तपासणीचा कागद वाचून बाईंनी चष्मा काढला आणि नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या.

“वर्गातल्या मुलांच्या आईबापांना कळता कामा नये. गुडघे दुखतात म्हणून वर्ग बंद केला, असं सांगायचं. आणि वृंदाला तर मुळीच नाही.”

“तिला सांगायला हवं, भानू. ती मुलगी आहे.”

“तिला दुसरा महिना लागलाय. याआधी दोन वेळा काय झालं, विसरलात? तिला कळलं तर ती पहिल्या विमानानं येईल आणि माझ्या उशाशी बसेल. शब्द द्या मला.”

निमोणकरांनी शब्द दिला. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून त्यांनी लांबच्या वस्तीतला डॉक्टर गाठला. नियमाप्रमाणे त्या डॉक्टरांनी बाईंचे नाव सरकारी यादीत नोंदवले, औषधे सुरू झाली आणि चौकशीसाठी आरोग्य कार्यकर्तीचा फोन येऊ लागला. २० जूनपासून रोज सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, बाई गोळ्या घेत आणि कार्डावर स्वतःच्या हाताने खूण करीत. पाण्याचा पेला आणायला नवऱ्याला दोन मिनिटे उशीर झाला तर म्हणत, “सरकारी नोकर, त्यात निवृत्त! पाणी निघालं का कचेरीतून?” अशा एकशे सदतीस खुणा झाल्या. एकशे सदतिसावी खूण ३ नोव्हेंबर २०१९च्या सकाळची होती. त्याच दुपारी खोकल्याची उबळ आली, तोंडावाटे रक्त गेले आणि रुग्णवाहिका फाटकाशी पोहोचण्यापूर्वी बाई गेल्या.

सोसायटीतले एक वयस्कर डॉक्टर वर आले. त्यांना आजाराची कल्पना नव्हती. त्यांनी नाडी पाहिली, खिशातून पेन काढले आणि अदबीने विचारले, “क्या लिखूँ, निमोणकर साहब?”

बाहेरच्या खोलीत शेजारी जमले होते. त्यांत वर्गातल्या दोन मुलांच्या आया होत्या.

“हार्ट,” निमोणकर म्हणाले.

दहाव्या दिवशी फोन वाजला. वृंदा, सहा महिन्यांचे पोट सांभाळत, समोरच्या खुर्चीत बसली होती. पलीकडून त्या कार्यकर्तीचा आवाज आला, “भानुमतीजी की दवाई का पूछना था, अंकल. कार्ड दिखाने नहीं आईं?”

“रॉन्ग नंबर है,” ते म्हणाले आणि यादीत नोंदवलेला आपला तो नंबर त्यांनी कायमचा बंद करून टाकला.

“कोण होतं, बाबा?”

“बँकवाले.”

वृंदाला फेब्रुवारीत मुलगा झाला, निहार. दिलेला शब्द पाळला गेला, असे निमोणकरांना तेव्हा वाटले. त्यानंतर महामारीची दोन वर्षे आली आणि घरातला आवाज अगदीच थांबला. सकाळी सातला त्यांना जाग येई, पाण्याचा पेला भरला जाई आणि मग तो कुणासाठी भरला हे आठवून ते स्वतःच पाणी पिऊन टाकीत. रविवारी साडेदहाला वृंदाचा फोन येई. तो सात मिनिटे चाले. त्यांतली चार निहारच्या बडबडीची असत. उरलेल्या तीन मिनिटांत आठवड्याभरात बोलायची सगळी वाक्ये बसवायची म्हणून निमोणकर शनिवारीच ती मनाशी जुळवून ठेवत, आणि रविवारी त्यांतली निम्मी विसरत.

२०२३च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा काम मिळाले. दक्षिण दिल्लीतल्या मुनिरक्यात एका संशोधन संस्थेने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. दिल्लीच्या काही वॉर्डांतले क्षयाच्या मृत्यूंचे आकडे कितपत खरे, हे त्यांना तपासायचे होते. प्रमुख होती कृतिका आगटे, पुण्याची, वय एकोणतीस. जुन्या कचेरीतल्या कुणीतरी तिला निमोणकरांचे नाव सांगितले होते.

काम असे होते. क्षयाची औषधे घेणाऱ्यांची एक यादी, त्यात प्रत्येकापुढे शेवटी काय झाले ते लिहिलेले: बरा झाला, मृत्यू, किंवा ‘उपचार सोडले’. दुसरी यादी त्याच वॉर्डातल्या मृत्यूंच्या नोंदींची. ‘उपचार सोडले’ असा शेरा असलेले प्रत्येक नाव मृत्यूंच्या नोंदीत शोधायचे. दोन तपासनिसांनी वेगवेगळे, एकमेकांचा कागद न पाहता. नाव दोन्हीकडे सापडले आणि कारण जुळले नाही, तर घरी जाऊन विचारपूस करायची.

“औषध मध्येच सोडून गायब झाले म्हणून ज्यांना आपण नावं ठेवतो, त्यांतले कितीतरी मेलेले असतात,” पहिल्याच आठवड्यात त्यांनी कृतिकाला समजावले. “म्हणजे मृत्यूचा आकडा कमी दिसतो, आणि वर दोष मेलेल्याच्याच माथी.”

“पण काका, घरचे सांगत का नाहीत? एक फोन तर करायचा असतो, यार.”

निमोणकरांनी चष्मा पुसला. “लाज,” ते म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला.

तपासणीचे नियमही त्यांनीच लिहून दिले; एकूण अकरा. सातवा असा, की तपासनिसाने स्वतःच्या नात्यातील मृत्यूविषयी साक्ष देऊ नये, आणि साक्ष द्यायची असेल तर तपासनीस राहू नये. कृतिकाने तो वाचून विचारले होते, “हे कधी लागू होणार, काका?” त्यावर ते म्हणाले होते की नियम लागू होण्यासाठी नसतो, असावा लागतो.

दुसऱ्या तपासनीस हेमलता साळवे. अडतीस वर्षे परिचारिका, शेवटी मेट्रन, मूळच्या नगरच्या, जन्म मात्र दिल्लीच्या पहाडगंजातला. दुपारी एक वाजता त्या निमोणकरांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहत. “साहेब, डबा उघडा नाहीतर रजिस्टर. एका हातानं दोन्ही होत नाही. परवा तुम्ही वरणात पेन्सिल बुडवलीत.”

“ती लाल होती. चालते.”

“बिल्कुल. उद्या निळी बुडवा, चव बघू.”

द्वारकेहून मेट्रोने जनकपुरी पश्चिम, तिथे गाडी बदलून मुनिरका. दीड तास जायला, दीड यायला. निमोणकरांना तो प्रवास लांब वाटला नाही. कुणीतरी आपली वाट पाहते आहे, एवढे निमित्त आठवड्यातले पाच दिवस पुरत होते.

सप्टेंबरात नव्या वॉर्डातल्या ‘उपचार सोडले’ शेऱ्यांची यादी आली. दोनशे बारा नावे, नऊ पाने. वॉर्ड त्यांचाच होता. काम सुरू करण्यापूर्वी सगळी पाने मोजायची आणि चाळायची त्यांची रीत असल्यामुळे पहिल्याच दिवशी ते नवव्या पानावर पोहोचले. ओळ चौदावी: भानुमती पद्माकर निमोणकर, स्त्री, वय ६६. शेवटच्या रकान्यात: उपचार सोडले.

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. उपचार सोडले! एकशे सदतीस दिवसांत एक गोळी चुकवली नाही, पाण्याला दोन मिनिटे उशीर होऊ दिला नाही, त्या बाईला सरकारी यादीने कंटाळून औषध टाकून निघून गेलेली ठरवले होते. आणि यादीचा त्यात काही दोष नव्हता. कार्यकर्तीने फोन केला होता. ‘रॉन्ग नंबर’ म्हणणारा आवाज निमोणकरांचा होता, आणि दुसऱ्या यादीत ‘हार्ट’ लिहवून घेणाराही तोच.

त्यांनी ते पान तळाशी घातले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आठ पाने तीन आठवड्यांत झाली. ‘नोंद सापडली नाही’ असे एकदा लिहिले असते तर ती ओळ निमूट पुढे गेली असती. हेमलताबाईंच्या कागदाशी जुळली नसती तर नजरचूक ठरली असती, आणि निमोणकरांच्या एका नजरचुकीवर कुणी दोनदा विचार केला नसता. खरे लिहिले, तर भानूला दिलेला शब्द मोडत होता, आणि वृंदाला कळत होते की तिच्या आईच्या शेवटच्या साडेचार महिन्यांत तिला दररोज खोटे सांगितले गेले. तो सात मिनिटांचा फोनही मग येईल की नाही, कोण जाणे.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी हेमलताबाईंनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. डब्याची वेळ नव्हती.

“नववं पान मी दिलं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “चौदावी ओळ रिकामी आहे.”

“रिकामी ठेवता येत नाही. नियम चार.”

“नियम मला पाठ आहेत. नाव मला मृत्यूंच्या नोंदीत सापडलं, कारण हार्ट लिहिलंय. वाचलं आणि पेन खाली ठेवलं. सोमवारी मी माझं लिहिणार, साहेब: दोन्हीकडे नाव आहे, कारण जुळत नाही. मग घरी विचारपूस. ती मलाच करावी लागेल. म्हणजे मी द्वारकेला येणार, तुम्ही दार उघडणार, बसा म्हणणार, चहा विचारणार, आणि माझ्या डोळ्यांत बघून हार्ट सांगणार. असंच ना?”

निमोणकरांनी समोरचे रजिस्टर मिटले.

“मी अडतीस वर्षं नातेवाइकांना खोटं बोलताना पाहिलंय,” त्या आवाज खाली आणत म्हणाल्या. “वाईट माणसं नव्हती ती. पण तुम्ही सोमवारपर्यंत विचार करा.”

शुक्रवारी निमोणकर कृतिकाच्या खोलीत गेले आणि तिच्यापुढे दोन कागद ठेवले. पहिल्यात नवव्या पानावरील चौदाव्या ओळीशी आपले नाते काय, हे लिहिले होते. दुसरा राजीनामा होता. कृतिकाने दोन्ही वाचले, मग पहिला पुन्हा वाचला.

“काका, राजीनामा कशाला? एवढी एक ओळ अभ्यासातून वगळते मी. दोनशे बारामधली एक. टक्केवारीत फरकसुद्धा दिसणार नाही.”

“टक्केवारीत दिसणार नाही, मान्य. पण वगळली तर ती आहे तशीच राहील. उपचार सोडले. ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगणारा दुसरा माणूस नाही. साक्ष मलाच द्यायला हवी.”

“मग द्या ना. आणि कामही करा. कोण विचारतंय?”

“नियम सात.”

“तो तुम्हीच लिहिलाय! मी बदलते, चलो. आत्ता.”

“माझ्यासाठी बदललेला नियम मी पाळणार कसा?” निमोणकर म्हणाले. “आणि तो बदलला, तर माझी साक्ष उद्या कुणी का मानावी?”

कृतिकाने खूप वेळ कागदाची कड दुमडली आणि सरळ केली. “सोमवारी डब्याला तरी या,” ती म्हणाली. ते हसले, होही म्हणाले. पण काम नसताना कचेरीत जाऊन बसणे त्यांना आयुष्यात कधी जमले नव्हते, तेव्हाही जमले नाही.

रविवारी साडेदहाला वृंदाचा फोन आला. या वेळी त्यांनी वाक्ये जुळवून ठेवली नव्हती. निहारला बाजूला घे म्हणून सांगितले आणि सगळे क्रमाने सांगितले: नोव्हेंबरातला खोकला, जूनचा कागद, आईने मागितलेला शब्द, दुपारची उबळ, डॉक्टरांचा प्रश्न.

“त्या दिवशी,” वृंदा म्हणाली, “मी समोर बसले होते. फोन आला. बँकवाले म्हणालात.”

“हो.”

“ते बँकवाले नव्हते.”

“नाही.”

“आईनं माझ्या पोटातल्या बाळासाठी लपवलं, ते समजू शकते मी. ती तशीच होती. पण ती गेल्यावर, बाबा? निहार झाल्यावर? तो आता साडेतीन वर्षांचा आहे. तुम्ही कुणासाठी लपवत होतात?”

निमोणकरांनी उत्तर शोधले. इतकी वर्षे ते दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारत आले होते, निराळ्या शब्दांत: हे झाले, ठीक, पण याच्या मुळाशी काय?

“तू फोन करणं बंद करशील म्हणून,” ते म्हणाले.

त्यानंतर सहा रविवार फोन आला नाही.

मधल्या एका बुधवारी हेमलताबाई विचारपूस करायला द्वारकेला आल्या. निमोणकरांनी दार उघडले, बसा म्हणाले, चहा विचारला. बाईंनी चहा नको म्हटले, कारण विचारपुशीच्या वेळी काही घ्यायचे नाही, हा नियम नऊ. फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्यांनी अनोळखी माणसाशी बोलावे तसे एकेक प्रश्न विचारले.

“मृत व्यक्तीशी आपलं नातं?”

“पती.”

“खोकला किती दिवस होता?”

“बारा महिने. त्यांतले सात आम्ही दिल्लीच्या हवेवर ढकलले.”

“औषध किती दिवस घेतलं? मध्ये खंड?”

त्यांनी कार्ड पुढे केले. हेमलताबाईंनी बोट ठेवून खुणा मोजल्या, एका महिन्यापाशी अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. “एकशे सदतीस. खंड नाही,” त्यांनी लिहिले. मग पुढचा प्रश्न वाचला. “मृत्यूचं कारण यापूर्वी वेगळं सांगितलं होतं का? असल्यास कुणी?”

“होय. मी.”

फॉर्मवर सही झाली. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “नियम नऊ संपला. आता चहा करा.” त्या दिवशी त्या दोन तास बसल्या. पुढे अधूनमधून फोन करीत राहिल्या, पण मुनिरका आणि द्वारका यांतले अंतर रोज पार करण्यासारखे कारण दोघांपैकी कुणाकडेच उरले नव्हते.

वृंदा डिसेंबरात आली. चार दिवस राहिली, एकटीच. पहिल्या दिवशी तिने कार्ड मागून घेतले आणि आईच्या खोलीत दार लावून बसली. बाहेर आल्यावर डोळे पुसून एवढेच म्हणाली, “शेवटच्या आठवड्यात हात किती थरथरत होता तिचा.” चौथ्या दिवशी विमानतळावर निमोणकरांनी तिला विचारले, की राग गेला का. तिने बॅग उचलली, त्यांना नमस्कार केला आणि आत गेली. नंतरच्या रविवारी साडेदहाला फोन आला. त्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही आणि त्यांनी तो पुन्हा विचारला नाही. आणखी आठ महिन्यांनी निमोणकर गेले.

अहवाल त्यांच्या हयातीत, एप्रिल २०२४ मध्ये निघाला. त्या वॉर्डात ‘उपचार सोडले’ असे नोंदलेल्या दोनशे बारांपैकी एकसष्ट जण प्रत्यक्षात मृत्यू पावले होते. त्यांतले अडतीस क्षयाने. अडतिसांत भानुमती निमोणकर आहेत. औषधोपचाराच्या यादीत त्यांच्या नावापुढचा शेरा जूनमध्ये बदलला: उपचार चालू असताना मृत्यू.

मृत्यूच्या नोंदवहीतले कारण मात्र बदललेले नाही. त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांचे लेखी निवेदन लागते, आणि ते डॉक्टर मुलाकडे कॅनडाला राहायला गेले आहेत. निमोणकरांनी त्यांना दोन पत्रे पाठवली होती. निमोणकर वारल्यावर तिसरे पत्र वृंदाने पाठवले आणि दुरुस्तीच्या अर्जावर अर्जदार म्हणून वडिलांच्या जागी स्वतःचे नाव घातले. डॉक्टरांचे उत्तर आलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.